अँटिओकसच्या लेकी

"बॅग कशाला काढलीस?" प्रबोधने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

"नागपूरला चाललेय. कायमची."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा अँटिओकसमध्ये शिरला. बावीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा हा. माझ्या नवऱ्याचं संशोधन त्याच्यावर. त्याच्याच जिवावर आम्ही इथे परदेशात, बुकित पंजांगच्या या फ्लॅटमध्ये राहतो. राज्य टिकावं म्हणून मेल्याने एक लेक इजिप्तच्या राजाला दिली, दुसरी कप्पाडोशियाच्या. तिसरी द्यायला काढली, तर तो राजा नकोच म्हणाला. आणि स्वतः पन्नाशीत मनाला आली त्या पोरीशी लग्न लावलं! प्रबोधचंही तेच. शनिवार-रविवार याच शहरात, बुओना व्हिस्टाला एका बाईकडे राहतो, लपवतही नाही. माणसाने सोसायचं तरी किती?

मी माहेरी व्हिडिओ कॉल लावला. प्रेमलाने उचलला. प्रेमला म्हणजे प्रबोधची धाकटी बहीण आणि माझ्या नरेशदादाची बायको. आमचं साटंलोटं. एकाच मांडवात मी तिच्या घरी गेले, ती माझ्या.

"वहिनी, हे बघा!" तिने पाळणा दाखवला. सातवा महिना लागलाय तिला. "यांनी स्वतः रंगवला. मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

चेहरा नुसता फुलला होता पोरीचा.

"प्रेमला, मी प्रबोधला सोडून येतेय."

मागून आईचा आवाज आला, "ये बाई, खुशाल ये! आमची परत येणार असेल, तर त्यांचीही त्यांच्याकडे जाईल. आजच बांधते हिचं गाठोडं."

आईच्या शब्दाबाहेर दादा कधी गेलाय?

प्रेमलाने पोटावरचा पदर सारखा केला. "वहिनी, तुम्ही या," ती हळूच म्हणाली. "तुमचंच घर आहे."

माझी नजर तिच्यामागच्या त्या रंगवलेल्या पाळण्यावर गेली.

"अगं वेडे, गंमत केली!" मी मोठ्याने हसले. "आईला सांग, इकडे सगळं छान आहे."

फोन ठेवला आणि एकेक साडी परत कपाटात लावली.

"प्रबोध, ती इजिप्तला दिलेली मुलगी. तिला कधी घरी यावंसं वाटलं असेल का रे?"

"तशी कुठे नोंद नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "बॅग रिकामी झाली का? दे इकडे, शनिवार आहे."

मी त्याचे शर्ट नीट घडी करून बॅगेत ठेवले आणि चेन लावून दिली.