कॉम्प्युटरची खोळ

कॉम्प्युटर लेकीच्या अभ्यासासाठी घ्यायचा आहे, हे चष्मेवालीने इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की एकदोनदा तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला तर न विचारताच सांगितलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. ज्याला खरोखर लेकीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा असतो तो घेऊन मोकळा होतो, जिन्यात थांबून लोकांना कारणं देत बसत नाही.

खरं कारण एवढंच होतं की तिला खेळायचं होतं. वय बेचाळीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम, घरात खांद्याला लागलेली लेक, आणि बाईसाहेबांना घोड्यावर बसून तलवार चालवायची होती. दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर दुसऱ्यांचे खेळ बघायची. त्यातला एक तिच्या मनात भरला होता. उजाड मुलूख, एकटा घोडेस्वार. डोंगर ओलांडायचे, नद्या पार करायच्या, आडवा येईल त्याला कापून पुढे जायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाचा डबा भरायचा नाही. लोक खेळायचे आणि ही बघायची. दुसऱ्याला जेवताना बघून आपलं पोट भरत नाही, हे कळायला तिला वर्ष लागलं.

पण घरी सांगणार कसं? नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर अंधाऱ्या खोलात लोंबकळून यायचा, बातम्या बघायचा आणि झोपायचा. तो चिडला नसता, हसला असता. चिडलेला नवरा कसा सांभाळायचा हे तिला येत होतं, हसणारा कसा सांभाळायचा हे येत नव्हतं. म्हणून लेकीचा अभ्यास पुढे केला. अभ्यास म्हटलं की घरात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

रविवारच्या जादा कामाचे पैसे तिने वेगळे ठेवले होते, त्यातच सगळं बसवायचं होतं. तयार कॉम्प्युटर त्यात येत नव्हता, म्हणून सुटे भाग घेऊन घरी जोडायचं ठरलं. जुन्या पार्ट्सच्या दुकानात ती गेली ती ताकाला जाऊन भांडं लपवत. आधी की-बोर्ड बघितला, मग माउस बघितला, आणि निघता निघता, जसं काही आत्ताच आठवलं, तसं खेळांना लागतं त्या ग्राफिक्स कार्डाचं विचारलं. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवंय. ती म्हणाली, लेकीच्या अभ्यासाला. त्याने हातातल्या कार्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, एवढं दणकट कार्ड कोणत्या अभ्यासाला लागतं, ताई? चित्रकलेच्या, असं ती म्हणाली. लेकीला साधा आंबा काढता येत नव्हता.

हे सगळे भाग ज्यात बसवायचे त्या कॅबिनेटपाशी घोटाळा झाला. तिला साधं, काळं, गप्प बसणारं कॅबिनेट हवं होतं, आणि नेमकं तेच महाग निघालं. सगळ्यांत स्वस्त होतं त्याची एक बाजू काचेची होती आणि पुढे रंगीत दिव्यांचे पंखे होते. दिवे बंद करता येतात का, असं तिने दोनदा विचारलं. लोक दिवे लागावेत म्हणून घेतात हो, दुकानदार म्हणाला. या स्वस्तातल्याला बटणच नाही, पंखा फिरला की दिवा लागणार. पैसे संपत आले होते. तिने तेच घेतलं.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. दुकानातले बारीक स्क्रू ड्रायव्हर तिने घरी आणले होते आणि तिचे हात चालताना बघून नवरासुद्धा खुर्ची ओढून बसला. प्रोसेसर तिने असा अलगद ठेवला की सासूबाई म्हणाल्या, बाळाला झोपवतेयस का. सगळं झालं, बटण दाबलं, पण पडदा काळाच. तिने पुन्हा सगळं तपासलं. रॅमची पट्टी तिने इतकी हळुवार बसवली होती की ती बसलीच नव्हती. काचेवर जन्म गेलेली बाई, जोर लावला की तडा जातो हे तिच्या बोटांत मुरलेलं. शेवटी लेक पुढे झाली. "आई, जोर लाव," असं म्हणून तिने अंगठ्याने पट्टी दाबली. खट् आवाज झाला, पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला.

पडद्याबरोबर पंखेही उजळले. लाल, निळे, हिरवे. भिंतीवर रंग फिरायला लागले. घरात सर्कस आलीय का, असं सासूबाईंनी विचारलं. नवरा हसला. ते हसणं दिव्यांना होतं, पण चोराच्या मनात चांदणं, चष्मेवालीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दुसऱ्याच दिवशी तिने खिडकीचा जुना पडदा कापून कॅबिनेटला खोळ शिवली. धूळ बसते, असं सगळ्यांना सांगितलं.

बुधवारी तिची सुट्टी असायची. नवरा कामावर, लेक शाळेतून परस्पर पोहायला, सासूबाई मैत्रिणीकडे. मग चष्मेवाली खिडकी लावून घ्यायची आणि खोळ न काढताच खेळायची. सुरुवातीला घोडा सारखा नदीत पडायचा. पुढे हात बसला, आणि हात बसल्यावर तिची गंमत बघण्यासारखी होती. दुकानात गिऱ्हाइकाला "आता नीट दिसतंय का?" असं मऊ आवाजात विचारणारी ही बाई पडद्यावरच्या दरोडेखोरांना दात-ओठ खाऊन आडवं करायची. सासूबाईंना जे बोलता येत नाही ते सगळं त्यांना ऐकवायची. उठली की मात्र तिला लगेच लाज वाटायची. भांडी पडली आहेत, कपडे पडले आहेत, आणि घोडीएवढी बाई खेळत बसली.

एका बुधवारी लेक लवकर घरी आली. किल्लीने दार उघडलं, आईला त्या अवतारात पाहिलं, आवाज न करता पुन्हा बाहेर गेली आणि बेल वाजवली. चष्मेवालीने घाईघाईने सगळं बंद करून दार उघडलं. तेव्हापासून लेक बुधवारी जिन्यातूनच किल्ल्या खुळखुळवत यायची. पोरीला कळलंय हे आईला कळलं होतं, आणि तरी तिने बोलणं टाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने मनाला समजावलं. मूठ कुणाची आणि झाकतंय कोण, याचा विचार केला नाही.

मग तो गुरुवार आला. जेवताना लेकीने सांगितलं, पोहण्याचं मोठं शिबिर आहे, बाहेरगावी, सरांनी तिला निवडलंय. शनिवारपर्यंत नाव आणि पैसे द्यायचे. पुढच्या वर्षी तिचं वय त्या गटात बसणार नव्हतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, आरशासमोर पाठ केल्यासारखं. नवऱ्याने घास गिळला आणि म्हणाला, "या वर्षी तुझ्यासाठी कॉम्प्युटर झाला ना, बाळा. सगळं एकदम कसं जमणार?"

तो वाईट बोलला नव्हता. घरात येतं किती आणि जातं किती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. लेकीने आईकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. चष्मेवालीला एकच वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. ती म्हणाली, "भात वाढू का अजून?"

लेक "नको" म्हणाली आणि ताट उचलून गेली.

उद्या सांगू, असं चष्मेवालीने ठरवलं. शुक्रवारी नवरा दमून आला, म्हणून शनिवारी सांगू म्हणाली. शनिवारी दुकानात गर्दी होती. कारणं शोधण्यात तिचा हात केव्हाच बसला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर शनिवार संपल्याचं तिला समजलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंना भाचीच्या नव्या घराचे फोटो मोठ्या पडद्यावर बघायचे होते. नवऱ्याने कॉम्प्युटर लावला. फोटो शोधता शोधता त्याच्या हाताने खेळ उघडला गेला. घोडेस्वार समोर उभा राहिला आणि वर कोपऱ्यात आजवर किती तास खेळ झाला तेही आलं. त्याने आकडा दोनदा वाचला. एवढ्यात लेक पोहून आली, केसांतून पाणी गळत होतं.

"हा अभ्यास चाललाय?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "तुझी आई सुट्टीच्या दिवशी राबली यासाठी."

सासूबाई म्हणाल्या, हातच्या काकणाला आरसा कशाला, समोर दिसतंयच की. लेक ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली. आईकडे तिने या वेळी पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच खेळते. चुकलं."

चष्मेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पोरीच्या नावावर कॉम्प्युटर घेतला, पोरीच्या नावावर खेळलो, आणि आता पोरगी आपल्या नावाचा मारही खातेय. तोंडातून शब्द काढायला तिला रॅमच्या पट्टीपेक्षा जास्त जोर लावावा लागला.

"ती नाही. मी खेळते."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला, अगदी ती वर्षभर घाबरत होती तसाच. "लेकीला पाठीशी घालू नकोस," तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, आईचं काळीज, दुसरं काय. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. तिचं खोटं इतकं पक्कं बसलं होतं की खऱ्याला घरात जागाच उरली नव्हती.

तेव्हा ती उठली आणि खुर्चीवर जाऊन बसली. खोळीसकट खेळलं की कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडतो, हे तिला ठाऊक होतं, गेल्या दोन बुधवारी तेच झालं होतं. तिने खोळ ओढून काढली आणि मांडीवर ठेवली. दिवे सगळ्या खोलीभर फिरले, सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवरूनही. मग तिने घोडा दौडवला. नदी एका उडीत ओलांडली. घाटात तिघे आडवे आले, ते तिने बघता बघता कापून काढले. आपली पाठ सगळ्यांना दिसते आहे, पुढे वाकलेली, खांदे वर चढलेले, हे तिला जाणवत होतं. भर बाजारात पदर सुटावा तसं वाटत होतं, आणि तरी हात थांबवून चालणार नव्हतं.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने विचारलं, "म्हणजे हा हिच्यासाठी नव्हताच?"

"नव्हता. मलाच हवा होता. सांगायची लाज वाटली."

तो खाली बसला. त्याला हसू आलं नाही. थोडा वेळ तो पंख्यांकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा मोकळा झाला. तो मनाने चांगलाच माणूस होता. लेकीकडे वळून म्हणाला, "अगं, मग तुझ्यासाठी या वर्षी काहीच झालं नाही की! जा ना शिबिराला. बघू आपण पैशांचं. उद्याच देऊ नाव."

लेकीने टॉवेलची घडी घातली, मग ती घडी पुन्हा घातली.

"शनिवार शेवटचा होता," चष्मेवाली म्हणाली. "काल. मला माहीत होतं."

लेक आत गेली आणि तिने दार लावून घेतलं, जोराने नव्हे, रोजच्यासारखं. नवरा उठून तिच्या मागे गेला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. पडद्यावर घोडेस्वार पुढच्या हुकमाची वाट बघत होता. कॉम्प्युटर आता तरी बंद पडावा, असं चष्मेवालीला फार वाटत होतं. पण खोळ तिच्या मांडीवर होती, पंख्यांना भरपूर हवा मिळत होती, आणि तो चालूच राहिला.