वरच्या प्रार्थनाघरातला बाक

मी वेल्समधल्या एका डोंगराळ खेड्यातला जुना ओकचा बाक आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्यावर परक्यांचे चिखलाचे बूट वाळत असतात. मला त्यांची किळस येते. पण त्याहून जास्त किळस येते ती माझ्यावर बसून गेलेल्या माणसांची.

गावच्या सुताराने मला वरच्या प्रार्थनाघरासाठी घडवलं. मी पहिल्या रांगेतला, गावातल्या वडीलधाऱ्यांचा. तेव्हा इथे स्लेटच्या दगडाची खाण होती, शाळा होती, आणि रविवारी चार आवाजांत गाणं असं लागायचं की कुरणातल्या मेंढ्या माना वर करायच्या. लोक मला मेण लावून चकचकीत ठेवत. मग कुणीतरी पेटी आणली. देवाच्या घरात पेटी वाजवणं पाप की पुण्य यावरून जुंपली, आणि पेटी नको म्हणणारं अर्धं गाव रुसून उतारावर दुसरं प्रार्थनाघर बांधून मोकळं झालं. गाव जेमतेम साठ घरांचं!

पुढे खाण बंद पडली, शाळा गेली, पोरं शहरात गेली. वर चार म्हातारे उरले, सगळे खर्जात गाणारे. खाली पाच म्हाताऱ्या, सगळ्या उंच पट्टीच्या. दोन्ही इमारती विकायला निघाल्या. एकत्र आले असते तर एक वाचली असती.

खालची टेगवेन, पूर्वीची पोस्टमास्तरीण, गुडघे धरत वर आली. आमचा मेउरिग दूधवाला माझ्यावर बसला होता. आम्ही पाचजणी इथे यायला तयार आहोत, असं तिने सांगितलं.

“फक्त ती पेटी बाहेर काढ, मेउरिग.”

“ती हलणार नाही. माझ्या पणजोबांनी आणलीय.”

“अरे, तिचा भाता उंदरांनी खाल्लाय. बारा वर्षांत आवाज तरी आलाय का तिच्यातून?”

“नसेल आला. पण राहील ती इथंच.”

“मग बस तिच्याशीच गप्पा मारत,” म्हणत टेगवेन उतरून गेली.

भांडण कशावरून, तर मुक्या पेटीवरून. पेटी मुकीच आहे म्हणून टेगवेनही हट्ट सोडून देईना. मला दोघांची शिसारी आली.

वर्षभरात दोन्ही प्रार्थनाघरं विकली गेली. आमच्याकडे आता सुट्टीचे पाहुणे उतरतात. प्रवचनाच्या जागी न्हाणीचा टब बसवलाय आणि पेटी कचऱ्यात गेली. मला दाराशी ठेवलंय.

गेल्या महिन्यात टेगवेन वारली. तिच्या चौघी मैत्रिणी आधीच गेल्या होत्या. गावाची जुनी दफनभूमी आमच्या अंगणातच आहे, म्हणून तिला वर आणलं. मेउरिग आणि उरलेला एक म्हातारा कबरीशी उभे राहून गायले. चाल असते वरच्या पट्टीत. खर्ज तिला नुसता खालून धरून असतो. त्या दिवशी चाल धरायला कुणीच नव्हतं. गाणं कोणतं आहे हेच ओळखू येईना.

एका पाहुणीने विचारलं, “आजोबा, कोणतं गाणं होतं हे?”

मेउरिगने कबरीकडे बोट केलं. “हिला येत होतं.”

मित्रांनो, भांडायचं तर खुशाल भांडा. पण समोरचा गाणारा जिवंत आहे तोवर त्याच्या शेजारी येऊन बसा.