बेडकाची उलटी कातडी

कोपनहेगनच्या त्या प्रयोगशाळेत प्राध्यापक टोरलुंड यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य, आणि ते ब्रह्मवाक्य त्यांच्या बायकोच्या काकडीच्या कोशिंबिरीतून निघालेलं होतं. काकडीला मीठ चोळलं की पाणी सुटतं, हे त्यांनी तरुणपणी जेवता जेवता पाहिलं आणि जिवंत पेशीचं सगळं रहस्य आपल्याला उलगडलं असं ठरवूनच हात धुतले. पेशीचं आवरण म्हणजे चाळण. बारीक कण जातात, मोठे अडकतात. आणि जे जातं ते जास्तीकडून कमीकडे, उतारावरून घरंगळल्यासारखं. यापलीकडे काही असेल असं म्हणणारे विद्यार्थी परीक्षेत आपटत, त्यामुळे हल्ली तसं कुणी म्हणत नसे.

राग्ना होल्स्ट मात्र म्हणत होती. युटलंडच्या एका कोळ्याची ही मुलगी संशोधनासाठी इथे आली, तेव्हा तिला कोपऱ्यातलं टेबल, गळका नळ आणि तळघरातले बेडूक एवढं मोठ्या मनाने देण्यात आलं. ती बेडकाच्या पोटाची कातडी काचेच्या दोन कप्प्यांमध्ये पडद्यासारखी ताणून बसवायची आणि दोन्हीकडे अगदी सारखंच मिठाचं पाणी भरायची. ना चढ, ना उतार. टोरलुंडमताप्रमाणे इथे काहीच घडायला नको होतं. पण कातडीतून जाणारी वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा निर्लज्जपणे उजवीकडे जायचा. मिठातलं विद्युतभारित सोडियम कातडीच्या बाहेरच्या अंगाकडून आतल्या अंगाकडे सरकत राहायचं, ते थेट संध्याकाळपर्यंत. पाण्यात थोडं विष टाकलं की पेशी मरत आणि काटाही निपचित पडे. म्हणजे पेशी जिवंत असेतो राबून, आपली शक्ती खर्चून सोडियम आत ओढत होत्या.

"भोक आहे," प्राध्यापक म्हणाले. "तुमच्या कातडीला भोक आहे, होल्स्टबाई."

"मग विष टाकल्यावर ते बुजतं का, प्रोफेसर?"

"बेडकाचं भोक ते. त्याचे कायदे तुम्हाला काय ठाऊक?"

एवढा शास्त्रीय खुलासा करून तिचा लेख छापायला पाठवायला त्यांनी साफ नकार दिला. राग्ना प्रत्येक कातडी भिंगाखाली धरून बघू लागली. भोक सापडत नव्हतं. पण मोठ्या माणसाने रोज 'आहे, आहे' म्हटलं की आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा होतो. डबा खातानाही ती राय धान्याच्या पावाकडे संशयाने बघायची. शेजारच्या टेबलावरचा आयगिल म्हणायचा, "खा गं. पावाला भोकं असतातच."

शरद ऋतूत उप्सालाहून सुंडेलिन नावाचे प्राध्यापक पाहुणे आले. दुपारी खारवलेला हेरिंग मासा झाला, त्याला पोहायला हवं म्हणून श्नॅप्स नावाची कडक दारूही झाली, आणि टोरलुंडना अचानक स्फुरण चढलं. "चला, ते सुप्रसिद्ध भोक मी तुम्हाला स्वतः दाखवतो!" वर्षानुवर्षं उपकरणाला न लागलेला तो पवित्र हात पुढे झाला. त्यांनी बेडकाची कातडी उचलली आणि झोकात बसवली.

राग्नाने पुढे वाकून पाहिलं. आतला बुळबुळीत, फिकट भाग नको त्या बाजूला आला होता. तिने तोंड उघडलं.

"होल्स्टबाई, आज तुम्ही नुसतं बघा."

"बघ की," आयगिल कुजबुजला. "एवढं सांगतायत तर."

काटा हलला आणि सरळ डावीकडे गेला.

"पाहिलंत?" टोरलुंडांचा चेहरा उजळला. "रोज उजवीकडे, आज डावीकडे! फाटक्या पोत्याचं असंच. कुठूनही सांडतं."

गप्प बसणं सोपं होतं. पाहुण्यांसमोर म्हाताऱ्याची लाज राहिली असती, आणि तिची नोकरीही. पण काट्याकडे बघता बघता राग्नाच्या डोक्यात असं काही लख्ख झालं की भीती मागेच राहिली. तिने आजवर प्रत्येक कातडी शहाण्या मुलीसारखी सुलटीच बसवली होती. उलटी लावून बघावी, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं!

"प्रोफेसर, कातडी उलटी बसलीये."

सुंडेलिन वाकले, चष्मा सावरून त्यांनी निरखून पाहिलं. "हो की. उलटीच आहे."

"आणि भोकाला आत-बाहेर कळत नाही," राग्ना म्हणाली. "तुम्ही कातडी फिरवलीत, तसा प्रवाहही फिरला. म्हणजे सोडियम अजूनही तिच्या बाहेरच्या अंगाकडूनच आत चाललंय. पेशींना दिशा कळते. नुसतं भोक असतं तर दोन्हीकडे सारखंच पाणी असताना काटा हललाच नसता."

टोरलुंड लाल झाले, मग पांढरे, मग, थोर माणसं होतात तसे, प्रसन्न. "अर्थात! मुद्दामच उलटी लावली होती. तुमचं लक्ष आहे का, ते बघत होतो."

"परीक्षा घ्यायची डॅनिश पद्धत फारच छान," सुंडेलिन गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडे स्वीडनमध्ये परीक्षकाला आधी उत्तर माहीत असावं लागतं."

पाहुण्यांनी लेखाची चौकशी केल्यावर तो अडवून धरणं अवघडच झालं. लेख एकट्या राग्नाच्या नावाने छापून आला. शेवटी तिने आभार मानले होते: 'निर्णायक प्रयोगात कातडी उलटी बसवण्याचं काम प्राध्यापक टोरलुंड यांनी स्वतःच्या हातांनी केलं, त्याबद्दल लेखिका ऋणी आहे.'

आयगिल हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. प्राध्यापकांनी मात्र ते पान चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. पुढल्या वसंतात स्टॉकहोमच्या परिषदेत त्यांनी पेशींच्या कष्टाळूपणावर तासभर भाषण ठोकलं. आपण हे पहिल्यापासून सांगत होतो, पण ऐकतो कोण, अशी खंतही व्यक्त केली. राग्नाने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि कागद सावरत ती उठली. पुढचं व्याख्यान तिचं होतं, आणि सभागृह त्यासाठीच भरलं होतं.