फ्रीजवरची घोंगडी

नथूचा त्या फ्रीजवर पहिल्या दिवसापासून दात होता. राग यायला नथूला मोठं कारण कधी लागत नसे, पण इथं तर कारण ढळढळीत समोर उभं होतं. एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती, आणि पोरानं काय आणलं, तर गुडघ्याएवढी पेटी. ती दूधही देत नव्हती आणि शेणही.

पोरगा म्हणजे अमोल. मुरबाडला गॅरेज चालवता चालवता त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा उपटून टाकल्या, आत पलंग, शेगडी, भांडी धुवायची मोरी, तो फ्रीज, टपावर सोलर, आणि मुंबईच्या लोकांना माळशेजला फिरायला भाड्यानं द्यायला लागला. घर असताना गाडीत झोपायला येणाऱ्यांची डोकी तपासायला हवीत असं नथूचं स्पष्ट मत होतं. आता मे महिन्यात उन्हापायी कुणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गाडी धसईजवळच्या त्यांच्या पाड्यावर, खळ्यात उभी होती.

अमोल त्या फ्रीजचं कौतुक सांगताना थकत नसे. गॅसवरचा फ्रीज गाडी जरा कलती उभी राहिली की रुसतो, हा घाटात आडवातिडवा झाला तरी आपला चालतोच. भर उन्हात बर्फ करतो. गावात लाइट असो नसो, याला सोयरसुतक नाही, हा बॅटरीवर. मग आवाज जरा खाली आणून तो खोडही सांगे. बॅटरी खातो फार. गाडी नुसती उभी असली तर टपावरच्या सोलरला दिवसभर ऊन लागलं पाहिजे. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिथं मोकळं पाहिजे. आणि सारखी उघडझाप नको.

"एवढे नखरे तर जावयाचेबी नसतात," नथू म्हणाला, आणि जावई हा शब्द तोंडातून निसटला म्हणून स्वतःवरच चिडून खळ्याच्या पार टोकाला निघून गेला.

कारण जावई होता, पण नथूनं त्याला घरात घेतलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अपेक्षानं, त्याच्या एकुलत्या लेकीनं, कुणाला न विचारता भाविकशी कोर्टात लग्न केलं आणि आटगावला बिऱ्हाड थाटलं. तेव्हापासून बाप लेकीशी बोलला नव्हता. तिचा फोन आला की गीताबाई, त्याची बायको, फोन घेऊन चुलीकडं जायची आणि नथूला गुरांना पाणी पाजायची आठवण व्हायची. गुरं अगदी दुपारी पाणी पिऊन बसलेली असली तरीही.

मग एका जेवणात अमोलनं सांगितलं, अपेक्षाला सातवा लागलाय. डोहाळे बिहाळे काही नाहीत म्हणते, फक्त आपल्या तांबूचा खरवस खायचाय. नथू भाकरी खातच राहिला. हात धुताना मात्र गाईकडं बघत म्हणाला, की तांबू आठ-दहा दिवसांत विणार. गीताबाईनं काही विचारलं नाही. अशा वेळी नवऱ्याला काही विचारलं की होणारं कामही होत नाही, हे तिला तीस वर्षांत कळलेलं होतं.

तांबू गुरुवारी पहाटे व्याली. आणि तिनंही मुहूर्त काय साधला, आदल्याच दिवशी गावची डीपी जळाली होती. आता चार-पाच दिवस तरी लाइट नाही. वासराचं पोट भरल्यावर निघालेला पहिला चीक पिवळाजर्द, हळद घातल्यासारखा. या उन्हात तो दुपारपर्यंतही टिकला नसता. गीताबाई म्हणाली, आत्ताच घेऊन जा ना आटगावला. तर नथू खेकसला, की पोर कल्याणला कामाला जाते, दाराचं कुलूप बघायला जाऊ का? रविवारी जाईन. कामाला ती जात होती हे खरं, पण खरी गोष्ट वेगळी होती. दोन वर्षं न बोललेल्या लेकीच्या दारात उभं राहून पहिला शब्द कोणता काढायचा, हे ठरवायला त्याला तीन दिवस हवे होते.

मग उरला तो फ्रीज. ज्याला दोन महिने शिव्या घातल्या त्याच्याच पाया पडायची पाळी आली. अमोलनं चिकाची किटली आत ठेवली, गाडी उन्हात लावली, सगळं पुन्हा बजावलं आणि गाडीचं सामान बघायला पुण्याला निघून गेला. रविवारी परत येतो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी नथूनं झाकण उचललं तर किटलीच्या अंगाला पांढरं धुकं धरलेलं, आणि खालच्या खणात चक्क बर्फ. लाइट नसलेल्या गावात बर्फ! नथूनं तुकडा तोंडात टाकला आणि खुशीत आला. आता ही बातमी पोटात कशी राहणार? शेजारचा शाम आला, त्याला गार पाणी पाजलं. मग शामची आई गुणाबाई आली. तिनं किटलीचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाय, काय पिवळाधम्मक चीक हाय. नजर ठरत नाय."

झालं. गुणाबाईची नजर ठरली नाही म्हणजे काय होतं, हे पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं. तिनं शामच्या दुधी भोपळ्याचं कौतुक केलं आणि वेल जळाला, हे काल-परवाचं. नथू तसा नजर-बिजर मानत नसे, असं तो चारचौघांत सांगे. पण हा चीक काही त्याच्या स्वतःसाठी नव्हता. दिवस गेलेल्या पोरीच्या तोंडात जायचा होता. व्यालेल्या गाईचा चीक उघडा मिरवायचा नसतो, झाकून न्यायचा असतो. त्याच्या आईनं जन्मभर तेच केलं होतं, आणि हा शहाणा गावाला दाखवत बसला होता.

गुणाबाईची पाठ वळताच नथूनं आपली काळी घोंगडी आणली आणि फ्रीज वरपासून खालपर्यंत गुंडाळून टाकला. वर लोखंड म्हणून विळा ठेवला. दृष्टीचं काम झालं. शिवाय मुरबाडच्या बाजारातला बर्फवाला काय करतो? लादी भुशात घालतो, वर गोणपाट गुंडाळतो, म्हणून तर ती संध्याकाळपर्यंत टिकते. गार वस्तू झाकावी, एवढं साधं अमोलला कळू नये? हवा लागू दे म्हणे. आणि गाडी भर उन्हात भाजून काढायची, आत थंडावा राहावा म्हणून? इंजिनिअरिंगची पुस्तकं वाचली की माणसाची अक्कल कुठं चरायला जाते कोण जाणे. नथूनं गाडी सुरू केली आणि आंब्याच्या गर्द सावलीत नेऊन लावली. नंतरचे दोन दिवस कुणी उघडू नये म्हणून दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

रविवारी सकाळी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि कुलूप काढलं. आत भट्टीसारखं झालं होतं. घोंगडीखाली हात घातला तर फ्रीज बाहेरून तापलेला, आणि त्याचा एक तांबडा दिवा आपला डोळा मारत होता. झाकण उघडलं आणि आंबट वास नाकात शिरला. चीक फुटून त्याचं पाणी वेगळं झालं होतं.

नथूनं मग कुणाला सोडलं नाही. फ्रीजला, तो विकणाऱ्याला, सोलर बनवणाऱ्याला, डीपी न बदलणाऱ्यांना, गुणाबाईला आणि तिच्या माहेरच्यांना त्यानं यथासांग शिव्या घातल्या. अमोलला फोन लावून म्हणाला, की तुझ्या पेटीनं घात केला. अमोलनं शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या. गाडी कुठं लावली, आणि फ्रीजवर काय टाकलंय? नथूनं फोन बंद केला. इतक्या झटकन ओळखणाऱ्या पोराचा त्याला भयंकर राग आला. त्याहून मोठा राग स्वतःचा आला, कारण काय घडलं ते आता कळत होतं. सावलीत सोलर उपाशी राहिला, आणि आत तो फ्रीज बिचारा गुदमरत, तापत, असेल नसेल ती बॅटरी पिऊन टाकत शेवटी बंद पडला होता.

तो पायरीवर बसला. आता कशाच्या जोरावर जायचं? रिकाम्या हातानं जायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि हे त्याला स्वतःपाशी कबूल करावं लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आज नाही तर मग कधीच नाही, हेही त्याला दिसत होतं.

गीताबाईनं सकाळचं दूध काढलं होतं. तिनं किटली घासली, त्यात ते ओतलं, वर ओलं फडकं बांधलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. चौथ्या दिवसाचं म्हणजे चीक कसला, नुसतं जाडसर दूध. "घट्ट नाय व्हायाचा," ती म्हणाली. "पण जावा तुमी."

गाडी लगेच सुरू झाली, इंजिनाची बॅटरी वेगळी होती म्हणून. नथूनं घोंगडी ओढून पलंगावर फेकली आणि किटली आपल्या पायाशी धरली. सरळगाव मागे टाकलं, किन्हवलीच्या अलीकडे मागून घूंऽऽ आवाज यायला लागला. गाडी पळतेय म्हटल्यावर बॅटरी भरू लागली होती आणि फ्रीज पुन्हा जागा झाला होता. शहापूरला चहाला थांबला तेव्हा नथूनं आत हात घालून पाहिला. रिकामा फ्रीज गारेगार! त्यानं झाकण असं आपटलं की चहावाला वळून बघायला लागला. किटली मात्र त्यानं आत ठेवली नाही. पुन्हा त्याच्या भरवशावर राहायला नथू काही खुळा नव्हता.

आटगावला दार भाविकनं उघडलं. तो क्षणभर गडबडला, मग वाकून पाया पडला, या बाबा म्हणाला आणि खुर्ची पुढं केली. आतून अपेक्षा आली. पोट चांगलंच दिसत होतं, चेहरा सुकलेला होता. तीन दिवस घोकलेला शब्द नथूच्या तोंडातून काही निघाला नाही. त्यानं किटली पुढं केली आणि फ्रीजबद्दल बोलायला सुरुवात केली.

तिनं गूळ-वेलची घालून कुकरमध्ये खरवस लावला, तोवर तो बोलतच होता. कुकर उघडला, वाट्या भरल्या, तरी तो बॅटरीवरच होता. खरवस कसला, पातळ लापशी झाली होती, चमच्यावर ठरत नव्हती. ते बघून नथूचा जीव आणखीच चडफडला. तीन दिवस आधी असता तर सुरीनं वड्या पाडल्या असत्या. अपेक्षानं मात्र दोन वाट्या खाल्ल्या आणि कुकरचा डबा बोटानं पुसून घेतला. लहानपणी चुलीपाशी बसून ती असाच टोप पुसायची.

मग तिनं विचारलं, "घोंगडी कोणी टाकलेली, बाबा?"

गुणाबाईचं नाव नथूच्या जिभेवर तयार होतं. अमोलनं नीट सांगितलं नाही असंही म्हणता आलं असतं. आजवर त्या घरात जे काही बिघडलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातून बिघडलं होतं.

"मी टाकली," तो म्हणाला. "अमोल सांगत व्हता, मी आयकलं नाय. माझंच चुकलं."

बापाच्या तोंडून ते शब्द अपेक्षानं जन्मात ऐकले नव्हते. तिनं वाटी खाली ठेवली. "फ्रीजचं?"

नथूनं भाविककडं पाहिलं, मग तिच्याकडं. "फ्रीजचं बी," तो म्हणाला.

भाविक उगाच पाणी आणायला आत गेला. अपेक्षा पदरानं डोळे पुसत उठली, तिनं किटली विसळून कोरडी केली आणि तिच्यात दोन मुठी साखर घातली. माहेरून आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं, हे ती विसरली नव्हती.

निघताना नथूनं ती किटली फ्रीजमध्ये ठेवली. साखरेला गारव्याची काही गरज नसते, हे त्यालाही कळत होतं. मागची जाळी मोकळी आहे ना, ते त्यानं दोनदा हात लावून पाहिलं आणि गाडी सुरू केली.