मूठभर वजन

"रोज एक मूठ वजन काढून ठेवत जा, कुमुद. वारं आधी माणसाचं वजन नेतं, कौलं नंतर."

हे सासूबाईंचे शब्द. अकरा वर्षांपूर्वी ज्येष्ठातल्या वादळात त्या अंगणात वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायला म्हणून गेल्या आणि सूप हातात धरूनच वर गेल्या. तेव्हापासून त्या समुद्रावर, सुरूच्या बनापलीकडे, सातआठ माडांच्या उंचीवर आहेत. आभाळ मोकळं असलं की त्यांचं हिरवं लुगडं ओटीवरून दिसतं. त्यांचा आवाज खाली यायला तीन दिवस लागतात. त्यामुळे संकष्टीला मोदक केले की चौथ्या दिवशी, सगळे मोदक संपल्यावर, "सारण फार कोरडं करू नकोस" असं घरात ऐकू येतं.

त्या गेल्या त्याच दिवशी कुमुदनं अंगणात उभं राहून वर बघत सांगितलं होतं, "आई, मी तुम्हाला खाली आणीन." पण आवाज चढवायचा नाही हा तिचा माहेरपासूनचा नेम. हळू बोललेलं वर पोचायला किती दिवस घेतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं उत्तर काही आलं नव्हतं.

गेल्या कार्तिकात मात्र सासूबाईंचा निरोप आला. वरून त्यांना पुढच्या वर्षीची वादळंही दिसतात. पुढच्या आश्विनातलं एक निघालंय, म्हणाल्या, आणि मग वजनाचं सांगितलं.

कुमुदनं दुसऱ्याच दिवशी नेम धरला. पहाटे पूजा झाली, देवापुढं निरांजन लावलं, की ती पाटावर बसायची आणि वातीसाठी कापूस ओढावा तसं उजव्या खांद्यापासून हळूहळू वजन ओढून काढायची. मूठभर झालं की ते चिनीमातीच्या बरणीत टाकायची. दिसायला ते ओल्या वाळूसारखं होतं, रंग तेवढा नव्हता. बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं की आतलं वजन कुणाचंच राहत नसे. भरलेली बरणी रिकामीइतकीच हलकी लागे. अशा पाच बरण्या तिनं देव्हाऱ्याखाली मांडल्या. नवऱ्याची, म्हणजे दिगंबरची एक, बारा वर्षांच्या मुक्ताची एक, शेजारच्या घरात राहणाऱ्या धाकट्या जावेची, शैलाची एक. शैलाचा नवरा जहाजावर असे. चौथी सासूबाईंची आणि शेवटची स्वतःची.

बाकीची तयारी लोक करतात तशीच होती. कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात घालून झाली, काडेपेट्या मेणकागदात गुंडाळल्या, टॉर्चचे सेल बदलले, पोहे आणि मेतकूट आठ दिवस पुरेल एवढं भरलं. दिगंबरनं माडांवरचे नारळ उतरवून घेतले आणि पत्र्याला तारा बांधल्या. वर्ष सरत आलं तशी कुमुद इतकी हलकी झाली, की विहिरीवर जाताना आणि पुढे घरातही ती पदरात वरवंटा बांधू लागली.

"वहिनी," शैला कुंपणावरून म्हणायची, "एवढं कशाला? कोजागिरीला मांजा बांधून उडवू की तुम्हाला."

"तुझीही बरणी भरली हो," कुमुद सांगायची.

"माझी कशाला? मी काय हलकी आहे? ह्यांना विचारा फोन करून."

आश्विन वद्य पंचमीला सकाळी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. नागरिकांनी आपापली वजनं घरात घ्यावीत, लहान मुलांची वजनं उघड्यावर ठेवू नयेत. दहाच्या सुमारास समुद्राचा आवाज बंद झाला. शैला घरून आली ती दाराची चौकट धरून, पाय वर करून. तिचं वजन कुंपणापाशीच गेलं होतं.

"वहिनी, ती बरणी," ती एवढंच म्हणाली.

कुमुदनं तिला ओढून माजघरात घेतलं, फडकं सोडलं आणि तिच्या खांद्यांवर बरणी पालथी केली. शैलाचे पाय जमिनीला टेकले आणि शेणानं सारवलेली जमीन थोडी दबली. तोवर दिगंबर तुळईला जाऊन लागला होता. मुक्तानं जात्याचा खुंटा धरला होता. कुमुदनं काठीनं नवऱ्याला खाली घेतलं, दोघांच्या बरण्या दोघांना दिल्या. मग पाचवी उघडली. ती जेमतेम निम्मी होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. एकादशीला अन्न नाही, म्हणून वजनही काढायचं नाही, असं तिनं मनानंच ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरातल्या सगळ्या एकादश्या त्या बरणीत नव्हत्या.

"आईची बरणी घे," दिगंबर म्हणाला.

"ती आईंची आहे."

"अगं, अकरा वर्षं ती वर आहे. आणखी एक वर्ष राहील. तू आज जाशील."

"मी शब्द दिलाय," कुमुद म्हणाली आणि निम्मी बरणी अंगावर घेतली. कंबरेपर्यंत ती जड झाली. त्याच्या वर तिला काही जाणवेना.

वारं दार न वाजवता आत आलं. ते फार उंच नव्हतं. त्यानं आधी फडताळ उघडलं, डब्यांची झाकणं काढून आत बघितलं, मेतकूट हुंगलं. देव्हाऱ्यासमोर ते जरा थांबलं, समई तेवढी विझवली नाही. मग त्यानं दिगंबरच्या काखेत हात घातले आणि उचलायला बघितलं. दिगंबर हलला नाही. मुक्ताला त्यानं वेणी धरून ओढलं. वेणी छपराला लागली, मुक्ता जागेवरच बसून राहिली.

"मला बघा उचलता येतं का," शैला म्हणाली. वाऱ्यानं तीनदा प्रयत्न केला. "दमलात? पाणी देऊ?"

मग ते सासूबाईंच्या बरणीकडे गेलं. तिचं तोंड बांधलेलं होतं, आतलं वजन कुणाचंच नव्हतं, त्यामुळे वाऱ्याला ती सापडली नाही. त्याचा हात बरणीतून आरपार गेला. शेवटी ते कुमुदकडे वळलं.

तिचे खांदे आधी वर गेले, मग पावलं सुटली. मुक्तानं एक घोटा धरला, शैलानं दुसरा. दिगंबरनं पदराला वेढा देऊन हाताला बांधला. वारं वरून ओढत होतं, खालून तीन बरण्यांचं वजन ओढत होतं, आणि ते सगळं वजन मुळात कुमुदचंच होतं. दिगंबर पुन्हा म्हणाला, "बरणी उघडू का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. ती मनातल्या मनात विष्णुसहस्रनाम म्हणत होती. ते पूर्ण झालं तेव्हा वाऱ्याची बोटं एकेक करून सुटली. जाताना त्यानं निम्मी कौलं नेली आणि दार ओढून घेतलं.

कुमुद खाली आली. मग शैला हसायला लागली, मुक्ता हसायला लागली, आणि दिगंबर पदराचा वेढा सोडायचं विसरून तसाच हसत उभा राहिला.

दुपारी गाव माडांवरून खाली उतरत होतं. कुणाला काही झालं नव्हतं. सरपंचांना उतरवायला तेवढी शिडी लागली. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं आणि सुरूच्या वर हिरवं लुगडं दिसत होतं. तेवढ्यात तीन दिवसांपूर्वीचा आवाज ओटीवर पोचला.

"कुमुद, तू 'खाली आणीन' म्हणालीस ते आत्ता ऐकलं गं. ये. आमसुलं सांभाळून ठेवलीत, एक खाली पडू दिलं नाही."

कुमुदनं पाटावर बसून अंगातलं होतं नव्हतं तेवढं वजन ओढून काढलं, पाचव्या बरणीत घातलं आणि बरणी मुक्ताच्या हातात दिली.

"ही तू भर. रोज एक मूठ. एकादशीलाही."

"तू परत कशी येशील?" दिगंबरनं विचारलं.

"आईंच्या अंगावर बरणी रिकामी केली की त्या जड होतील. मी त्यांचा हात धरीन."

"मांजा देऊ, वहिनी?" शैला म्हणाली. या वेळी तिच्या हातात खरंच विहिरीचा दोर होता.

"नको. आईंना मऊ भात लागेल, तेवढा चढव."

चातुर्मास संपला नव्हता आणि त्या दिवशीची गोपद्मं काढायची राहिली होती. कुमुदनं ओटी पुसून घेतली, रांगोळीची चिमूट घेतली आणि गाईची तेहतीस पावलं काढली, उंबऱ्यापासून पायरीपर्यंत. हळदकुंकू वाहिलं. पदरातला वरवंटा सोडून पाट्यावर ठेवला. सासूबाईंची बरणी काखेत घेतली आणि ती रांगोळीवरून चालत निघाली. तेहतीस पावलांतला एक कणही हलला नाही, आणि पायरी संपली तरी तिचं पाऊल खाली आलं नाही.