तेजबाबांची दोन बाकं

दवाखान्यासमोरच्या इमारतीत बायकांची रांग जिन्यापर्यंत आली होती. मूल व्हावं म्हणून समोर उपचार घेणाऱ्या साऱ्याजणी. आत तेजबाबा बसत. पोटासमोर तळहात धरून डोळे मिटत आणि सांगत, तेज आहे किंवा तेज नाही. 'तेज आहे' ऐकलेल्या पुष्कळजणींना खरोखरच दिवस गेले होते. भिंतभर बाळांचे फोटो होते.

माझ्या वहिनीला त्यांनी सकाळी 'तेज नाही' सांगितलं. वर म्हणाले, "हा गर्भ आत ठेवलास तर कोमेजेल, आणि ते पाप तुझ्या माथी."

दुपारी प्रयोगशाळेतला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडायचा होता. कित्येक वर्षं या दिवसाची वाट पाहिलेली वहिनी पलंगाच्या कडेला बसून सांगत होती, मी जाणार नाही. दादा समजूत घालून थकला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बाबांपुढे जाण्याआधी काय झालं, एवढंच मी तिला विचारलं. काही नाही, ती म्हणाली, दारातल्या सेवकाने मायेने चौकशी केली, गर्भ तयार झाल्यापासून कितव्या दिवशी सोडणार विचारलं. तिने 'तिसऱ्या' म्हणताच त्याने तिला बाबांच्या खोलीतल्या भिंतीकडच्या बाकावर बसवलं. खिडकीजवळचं बाक अर्धं रिकामं होतं, तरीही.

मला संशय आला. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, बरेचसे गर्भ तिसऱ्या दिवसानंतर वाढायचे थांबतात. पाचव्या दिवसापर्यंत टिकतो तो ही चाळणी पार करून आलेला असतो, म्हणून तो रुजण्याची शक्यता जास्त. वहिनीचे गर्भ मोजकेच होते. प्रयोगशाळेत आणखी दोन दिवस ठेवून एकही उरला नाही तर काय, म्हणून तिसरा दिवस ठरवला होता. शक्यता कमी होती, पण होती.

"एकदा माझ्याबरोबर चल," मी वहिनीला म्हटलं. "मग तू म्हणशील तसं."

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना सोबत घेतलं. त्यांनी सेवकाला सांगितलं, पाचव्या दिवसाचा, छान वाढलाय म्हणाले डॉक्टर. त्यांना लगेच खिडकीजवळचं बाक मिळालं. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता.

नंबर आला. बाई कोणत्या बाकावरून उठल्या ते बाबांनी आधी पाहिलं, मग डोळे मिटले.

"अहाहा. कोटी सूर्य उतरलेत, पोरी. एक नाही, दोन ज्योती दिसतात. तुझा गर्भ माझ्याशी बोलतोय."

"काय बोलतोय?" बाईंनी शांतपणे विचारलं. "मी कसलाच उपचार घेत नाही. समोरच्या दवाखान्यात मी पाऊलही टाकलेलं नाही."

बाबा सावरून म्हणाले, त्यांना पुढचं दिसतं. मी दोन्ही बाकं दाखवून सेवकाचा प्रश्न सगळ्यांना समजावला. ज्यांची शक्यता मुळातच जास्त त्यांना 'तेज', आणि बाकीच्यांना पाप. यश डॉक्टरांचं, फोटो बाबांच्या भिंतीवर.

भिंतीकडच्या बाकावरून एक बाई उठली. ती तिथे दुसऱ्यांदा आली होती. तिने विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही 'तेज नाही' म्हणालात, तरी मी गेले आणि माझा गर्भ राहिला नाही. वर्षभर मी स्वतःला खुनी समजत होते. बाबा, तुम्ही फक्त माझं बाक पाहिलं होतं का?"

सेवक केव्हाच जिना उतरला होता.

वहिनी मात्र चालू लागली होती, रस्ता ओलांडून, दवाखान्याकडे. आम्ही वेळेत पोचलो.

त्या खेपेला गर्भ रुजला नाही. वहिनी रडली, आम्हीही रडलो. मग डोळे पुसून ती म्हणाली, "वाईट वाटतंय. पण माझं काही चुकलेलं नाही, हे मला माहीत आहे."

विज्ञानाने तिला मुलाचं वचन दिलं नव्हतं. आहे ती शक्यता खरी सांगितली होती आणि नसलेलं पाप तिच्या माथी मारलं नव्हतं. म्हणून सांगते, कुणी यशाचे फोटो दाखवले, तर ज्यांचे फोटो तिथे नाहीत त्यांची चौकशी करा. आणि अपयशाला पाप म्हणणाऱ्यासमोरून सरळ उठून या.