किल्ली फिरल्यानंतरची दोन मिनिटं

मित्रांनो, मी शाळेच्या बसमधला एक जुना संगणक आहे. ड्रायव्हरच्या सीटखाली, जाड पत्र्याच्या डब्यात माझं बिऱ्हाड. कारखान्यात मला हलवून, तापवून, गारठवून पाहिलंय; खड्ड्यांना मी भीक घालत नाही.

मला तीन वायरी आहेत. लाल वायर बॅटरीतून कायम वीज आणते, काळी तिचा परतीचा रस्ता आणि पिवळी नुसती निरोप्या: किल्ली चालू की बंद, एवढंच सांगते. किल्ली फिरली म्हणून मी लगेच उठत नाही. इंजिन सुरू होताना बॅटरीची दमछाक होते, तेवढे दहा सेकंद थांबतो. किल्ली बंद झाली तरी लगेच झोपत नाही. किती मुलं चढली, किती उतरली याचा ताळा करतो, नोंद जपून ठेवतो, कुणी आत राहिलं असेल तर भोंगा वाजवतो. दोन मिनिटांत आटपून आपणहून मिटतो. बॅटरी फारच उतरली तर त्याआधीच बाजूला होतो, म्हणजे इंजिनाला वीज उरते.

मुख्याध्यापिका मला कौतुकाने पाहुण्यांना दाखवत. पण एका सकाळी बस सुरूच होईना. म्हातारी झाली होती बॅटरी, आळ आला माझ्यावर.

"हा डबाच वीज पितो," ड्रायव्हरकाका इलेक्ट्रिशियनला म्हणाले. "किल्ली बंद की हाही बंद, असं करून टाक."

"त्यात काय एवढं!" म्हणत इलेक्ट्रिशियनने माझी लाल वायर बॅटरीवरून काढली आणि किल्लीच्या वायरीला जोडली.

तेव्हापासून किल्ली बंद झाली की माझं काम अर्ध्यावरच तुटू लागलं. तिसऱ्या दिवशी सत्तावीस मुलं चढली, शाळेपाशी सव्वीस उतरली. काकांनी बस वाहनतळावर लावली, किल्ली बंद केली. मी ताळा करायला घेतला आणि अंधार!

हे आकडे आणि पुढचं सारं मला नंतर, मुलांची चढ-उतार सांभाळणाऱ्या बसमधल्या मावशींकडून कळलं. बालवर्गातल्या एका मुलीची आई रोज मावशींना फोन करायची; त्या दिवशीही फोन वाजला.

"आल्या चौकशी खात्याच्या बाई!" मावशी हसल्या.

"मावशी, आज तिला सर्दीचं औषध दिलंय, पेंगत होती. नीट उतरली ना?"

"उतरली असेल हो."

"असेल म्हणजे? बघून सांगा ना!"

यादी बघायला काकांनी किल्ली फिरवली. मी उठलो. ड्रायव्हरसमोरच्या माझ्या पडद्यावरची यादी कोरी होती. सकाळची नोंद जपायला मला वेळच मिळाला नव्हता.

"अहो, याला काहीच आठवत नाहीये!" मावशी ओरडल्या आणि मागे धावल्या.

शेवटच्या बाकावर, दप्तराला मिठी मारून, ती झोपली होती. खिडक्या बंद, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"मावशी, शाळा आली?" तिने डोळे चोळत विचारलं.

 मावशींनी तिला उचललं आणि फोन तिच्याच कानाला लावला.

"चूक माझी," काका म्हणाले. त्याच दुपारी नवी बॅटरी आली, माझी लाल वायर आपल्या जागी गेली.

आता किल्ली बंद केल्यावर मी आकडे जुळवत असतो आणि काका स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत जातात, बाकांखालीही वाकून बघतात. मित्रांनो, एखादं यंत्र काम संपलं तरी थोडं जागं दिसलं, तर त्याला खादाड ठरवून त्याची वायर उपटू नका. ते कुणासाठी थांबलंय, हे आधी विचारा.